उजव्या कानातला षड्ज

न्हावऱ्याच्या पुढं बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली तेव्हा टोनीचा फोन आला, आणि डावा हात पिशवीत गुंतला होता म्हणून मर्सीनं फोन उजव्या कानाला लावला. एरवी ती डाव्याच कानाला लावायची. त्याला काही कारण आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. "बसलीस का बसमध्ये?" असं पलीकडून कुणीतरी विचारलं. आवाज पातळ होता, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा, आणि टोनीच्या आवाजापेक्षा वरचा. तिनं विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडं तो माणूस हसला. "एवढ्या वर्षांनी विचारतेस होय?" हसणंसुद्धा दुसऱ्याच माणसाचं होतं. मर्सीनं पिशवी मांडीवर टाकली आणि फोन डाव्या कानाकडं नेला. तिथं टोनी होता. जाड, थोडा घोगरा, रेल्वेच्या इंजिनाच्या आवाजावरून बोलून बोलून रुंद झालेला तिचा नवरा. मच्छी मिळाली नाही, अंडी आणलीत, असं काहीतरी तो सांगत होता. तिनं फोन परत उजव्या कानाला लावला. तो पत्र्याच्या डब्यातला माणूस अंड्यांबद्दलच बोलत होता. मग डाव्या, मग उजव्या. दोन माणसं एकच वाक्य वाटून घेऊन बोलत होती आणि त्यांतल्या एकाला ती ओळखत नव्हती. "ऐकतेस ना?" असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, "हो, रेंज नाही इथं," आणि फोन बंद केला.

बस तशीच उभी होती. पुढच्या ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर बांधलेले होते आणि त्यातून लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं गाणं धडधडत होतं. खिडकीच्या काचा त्या ठोक्यांबरोबर थरथरत होत्या. मर्सीनं उजव्या कानात बोट घातलं आणि गाणं ऐकलं. मग डाव्या कानात घातलं. गाणं वर सरकलं. बोट काढलं, दुसऱ्या कानात घातलं, गाणं खाली आलं. शेजारी बसलेल्या बाईनं तिच्याकडं बघितलं आणि सहानुभूतीनं म्हणाली, "लई आवाज करत्यात मेले." मर्सीनं मान हलवली. तिच्या छातीत काहीतरी गार उतरत चाललं होतं, आणि तरीही डोकं आपलं काम करतच होतं, ते तिला थांबवता येत नव्हतं. ते मापत होतं. खालच्या सप्तकात फरक नाही. मध्य सप्तकाच्या वरच्या अंगाला एक श्रुती, केसाएवढा फरक. तार षड्जाला त्याहून जास्त, जवळजवळ पुढच्या सुराला शिवणारा. ती आयुष्यभर हेच करत आली होती. दोन सुरांमधलं अंतर कानानं मोजायचं, आणि मग त्याला पुस्तकातलं नाव द्यायचं. आत्ता ते अंतर तिच्याच डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूत होतं.

आणि मग तिला दुपार आठवली. आठवली म्हणजे दुपार तिच्याबरोबर बसमध्ये येऊन बसलेलीच होती, फक्त आत्ता तिनं तोंड वळवलं. शिरूरच्या कॉलेजात एम. ए. संगीताची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि विद्यापीठातून बहिःस्थ परीक्षक म्हणून मर्सी गेली होती. कॉलेजचा परीक्षक सत्यजीत, तिचाच जुना विद्यार्थी. शेवटची मुलगी तळेगाव ढमढेऱ्याची, सायली नावाची. निळी साडी, घाम पुसायला हातात रुमाल, तो तिनं इतका घट्ट धरलेला की त्याची गोळी झाली होती. भीमपलासी गायला बसली. आलाप चांगला सुरू झाला. गंधारावर मध्यमाची सावली कशी ठेवायची ते तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं, आणि सत्यजीत शिकवतो म्हणजे आपणच शिकवलं, असं मर्सीला समाधानानं वाटलंही. मग पोरगी तार षड्जावर गेली आणि मर्सीचा हात आपोआप वर झाला. "षड्ज चढतोय." सायली थांबली, तंबोऱ्याकडं बघून परत गायली. "अजून चढतोय. तू ऐकत नाहीस." पेटीवरच्या माणसानं तोच सूर धरून दाखवला, आणि मर्सीला पेटीसुद्धा फाटल्यासारखी ऐकू आली. ती म्हणाली की पेटी बदला. दुसरी पेटी आणली. तीही तशीच. तेव्हाच, खरं म्हणजे तेव्हाच तिला कळायला हवं होतं. पण खोलीत कुणी काही बोललं नाही. तबल्यावरचा माणूस खाली बघत होता. सत्यजीत खिडकीबाहेर बघत होता. तिसऱ्यांदा थांबवल्यावर सायलीचा आवाज सुटला. ती इकडंतिकडं सूर शोधू लागली, खरोखरच बेसूर झाली, आणि मर्सीला एक भयंकर आराम वाटला, की बघा, मी म्हणत नव्हते? तिनं सायलीला शांतपणे सांगितलं, "सूर कळणं हे शिकवून येत नाही, बाळा. त्याचा विचार कर." मुलगी उठून नमस्कार करून गेली होती.

चौफुल्याला गर्दी उतरली. पाटसला कारखान्याच्या मळीचा गोड, आंबूस वास खिडकीतून आत आला आणि मर्सीनं काच ओढून घेतली. तिनं डोळे मिटून घेतले. सर्दी असेल. दिवाळीपासून सर्दी होती, उजवा कान भरल्यासारखा वाटत होता, विहिरीत उतरल्यावर वाटतं तसा. त्यात एक बारीक शीळ वाजायची, तिला वाटायचं शेजारच्या फ्लॅटमधला फ्रीज आहे. आठवडाभर ती पुण्यात विद्यापीठाजवळच्या फ्लॅटवर राहायची आणि सुट्टीला दौंडला यायची, तेव्हा दौंडलाही तो फ्रीज वाजायचा. याचा विचार तिनं केला नव्हता. माणूस किती गोष्टींचा विचार न करता राहू शकतो, हे कळून ती आणखी घाबरली.

रेल्वे कॉलनीमागच्या त्यांच्या घरात टोनीनं अंड्यांचं कालवण केलं होतं. मर्सीनं त्याला काही सांगितलं नाही. ती त्याच्या डाव्या अंगाला बसली, म्हणजे तो तिच्या उजव्या कानाशी बोलेल, आणि मग घाबरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसली. टोनीनं बघितलं. जेवून झाल्यावर तो भांडी उचलायला लागला तेव्हा ती म्हणाली, "अहो, उद्या सकाळी मला कानाच्या डॉक्टरकडं जायचंय. तोंडी परीक्षा आहे, पण शिरूरला दुपारी पोचलं तरी चालेल."

"दुखतोय?"

"नाही."

"मग?"

"दुखत असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. टोनीनं भांडी तशीच ठेवली आणि तिच्यासमोर बसला, आणि काय झालं ते तिनं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी कसा लागतो उजव्या कानात?" तिला हसू यावं म्हणून तो बोलला होता. ती म्हणाली, "मला ओळख नाही त्या माणसाची."

डॉक्टर सुवर्णा वयानं लहान होत्या, मर्सीच्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी कानात दुर्बीण घालून बघितलं, पडदा चांगला आहे म्हणाल्या, आणि तिला एका काचेच्या खोक्यासारख्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानात थेंब पडावेत तसे सूर पडले आणि मर्सी बटण दाबत गेली. मग उजवा कान. खालचे सूर आले. मग जरा वरचे. मग काहीच आलं नाही. तिनं वाट बघितली. काचेपलीकडं डॉक्टरांचा हात हलत होता, म्हणजे सूर दिला जात होता. मर्सीला वाटलं, आला. पण तो आला होता की आपल्याला तो पाठ आहे म्हणून आपण आतल्या आत तो गायलो, हे तिला सांगता येईना. तिनं बटण दाबलं. डॉक्टरांनी वर बघितलं. त्या नजरेवरून मर्सीला कळलं की त्या वेळी सूर दिलेलाच नव्हता. परीक्षेत चुकलेल्या मुलीसारखे तिचे कान तापले. दोन्ही.

शिरूरच्या मिशनच्या जुन्या देवळात तिचा बाप, एलिया, बाजाची पेटी वाजवायचा. आठवडाभर शाळेत मुलांना शिकवायचा आणि रविवारी पेटीवर बसायचा. मर्सी त्याच्या पायाशी बसून भाता कसा हलतो ते बघायची, आणि सगळ्यात आधी तिला सूर म्हणजे काय ते कळलं ते त्या लाकडाच्या थरथरण्यातून, पेटीला टेकवलेल्या गालानं. पुढं बापाचा कान गेला. एकदम नाही, हळूहळू, वरच्या बाजूनं. गीत एका पट्टीत सुरू व्हायचं आणि त्याची बोटं दुसऱ्याच पट्टीत जायची, आणि त्याला कळायचं नाही. तो तितक्याच श्रद्धेनं, मान हलवत वाजवायचा. मंडळी काय करायची तर पेटीच्या मागं जायची. सगळं देऊळ आपली पट्टी सोडून त्याच्या चुकीच्या पट्टीत शिरायचं, म्हाताऱ्या बाया, सैन्यातून रिटायर झालेली माणसं, सगळे. कुणी हसलं नाही. कुणी सांगितलं नाही. तिची आई, कृपाबाई, घरी आल्यावर म्हणायची, "आज छान झालं भजन." मर्सी तेव्हा कॉलेजात होती. त्या दयेच्या आवाजानं तिच्या अंगावर काटा यायचा. इतकी माणसं मिळून एका माणसाला खोट्यात ठेवताहेत, आणि तो त्यात किती सुखी आहे. ती पुण्याला शिकायला गेली ती त्या आवाजापासून लांब जायला, असं तिला कधीकधी वाटायचं. गाण्यात ती बेताची होती, पण कान असा होता की गुरुजी मैफिलीआधी तंबोरे तिच्याकडून लावून घ्यायचे. म्हणून ती शास्त्राकडं वळली. श्रुतींवर पीएचडी केली, तासांवर शिकवलं, कधी पगार आला कधी आला नाही, आणि शेवटी विद्यापीठात जागा निघाली तेव्हा मुलाखतीला गेली.

त्या मुलाखतीत समितीतले एक वयस्कर तज्ज्ञ तिचं नाव दोनदा वाचून गोड आवाजात म्हणाले होते, "तुमचं बालपण चर्चच्या पेटीवर गेलेलं. पेटीचे सूर ठोकळ. त्या कानाला आपल्या श्रुती सापडतात का नीट?" बाकीचे कागद चाळत राहिले. मर्सीनं खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात तंबोरा होता. तिनं तो मागितला, सगळ्या तारा उतरवल्या, आणि त्यांच्यासमोर पहिल्यापासून लावला. तारांची जवारी, त्यांची गुंजती आस, उघडली आणि खरजातून गंधार आपोआप उगवून खोलीभर झाला, तेव्हा ते गृहस्थ डोळे मिटून बसले. जागा तिला मिळाली. पुढं विभागात म्हणच पडून गेली, शंका असेल तर मर्सीबाईंच्या कानाला विचारा. गवयांची घराणी होती, आडनावं होती, तिला कान होता. व्याख्याता, मग प्रपाठक, मग प्राध्यापक, एकेक पायरी तिनं त्या कानावर उभं राहून चढली. त्यामुळं तो कान हे आपलं अंग आहे, त्याला रक्तपुरवठा लागतो, तो मरू शकतो, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी आलेखावरून बोट फिरवत विचारलं.

"शिकवते."

"काय?"

"संगीत."

डॉक्टरांचं बोट थांबलं. मग त्यांनी सगळं नीट, सावकाश सांगितलं. उजव्या आतल्या कानाचं वरच्या सुरांचं ऐकणं बरंच कमी झालंय. जे उरलंय ते सूर जागेवर ऐकवत नाही, सरकवून ऐकवतं. म्हणून दोन कानांत दोन. गोळ्या देते, पुण्याला मोठ्या ठिकाणी दाखवा. "पण हे दिवाळीपासूनचं वाटत नाही मला, मॅडम. हे जुनं आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत आला असतात तर काही करता आलं असतं. आता आशा ठेवायची, पण..."

"मला मग आधी कळलं कसं नाही?"

"डावा चांगला आहे ना. मेंदू दोन्हीचं जुळवून घेतो. काही जणांना सवय होऊन जाते."

"कशाची?"

डॉक्टर जरा अडखळल्या. "चुकीचं ऐकायची. मग तेच बरोबर वाटायला लागतं."

शिरूरला जाताना टोनीनं गाडी चालवली. मर्सी खिडकीला उजवा कान लावून बसली होती, म्हणजे तो काचेच्या थरथरण्यात बुडून जाईल. पारगावच्या पुलावरून भीमेचं पाणी दिसलं. एका काठाला कपडे धुवायला आलेल्या बाया होत्या आणि त्यांचा धोपटण्याचा आवाज लांबून, दिसण्याच्या मागून येत होता. तिला वाटलं, कुणाला काही सांगायची गरज नाही. डावा कान चांगला आहे. पुढच्या वेळी परीक्षेत उजवी बाजू भिंतीकडं करून बसायचं. निवृत्तीला फार वर्षं राहिलेली नाहीत. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपद तिच्याकडं येणार होतं, सुलक्षणाबाई निवृत्त होत होत्या आणि रांगेत दुसरं कुणी नव्हतं. प्रमुखाला कुठं तंबोरे लावावे लागतात? त्या विचारानं तिला एक क्षण हायसं वाटलं, आणि लगेच दरदरून घाम फुटला, कारण हा विचार कुणाचा आहे ते तिला सांगता येईना. तो तिला बरोबर वाटत होता. पण बरोबर वाटण्यावर आता तिचा विश्वास कुठं राहिला होता? कालच्या मुलीचा सूर चढलाय हेही तिला तितकंच बरोबर वाटलं होतं, अगदी तसंच, त्याच जागी, छातीच्या मधोमध.

सत्यजीत कॉलेजच्या दारातच भेटला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, ती सायली आज तोंडीला आलेली नाही," तो म्हणाला. "फोन केला तर म्हणते, सर, मला सूर कळत नाही हे मला आत्ता कळलं, बरं झालं. वर्षभर मी हिला शिकवतोय. रडली असती तर समजूत काढली असती. ती अगदी शांत बोलत होती."

मर्सीनं त्याला संगीताच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. टोनी बाहेर बाकावर बसला. तिनं उभ्याउभ्याच विचारलं, "काल तिचा षड्ज बरोबर होता?"

सत्यजीत तबल्याच्या गवसणीकडं बघत राहिला.

"सत्यजीत, मी विचारतेय."

"होता, मॅडम."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही परीक्षक होता."

"ते कारण नाही."

मर्सीच्या उजव्या कानातली शीळ वाजत होती. मग तो हळू म्हणाला, "ऑगस्टमध्ये विद्यापीठात कार्यशाळा झाली, तेव्हा तुम्ही व्यासपीठावर तंबोरा लावलात. पंचम वर राहिला होता. तुम्ही चहाला खाली गेलात तेव्हा मी तो गुपचूप उतरवून ठेवला. मला वाटलं, दमल्या असतील. नंतर विभागातल्या मुलांनी सांगितलं की वर्गातही तसंच होतं. तुम्ही लावून गेलात की कुणीतरी परत लावतं."

"कोण?"

"कुणीही. जो जवळ असेल तो."

"सुलक्षणाबाईंना माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम." त्याचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला कसं सांगायचं? आम्ही सूर म्हणजे काय हे तुमच्याकडून शिकलो."

मर्सी भिंतीला टेकली. तिला वर्ग दिसला, आपला वर्ग, पावसाळ्यापासूनचा. मुलं तिच्याकडं बघून मान डोलवताहेत. ती श्रुतींचं गाऊन दाखवतेय आणि मुलं तिच्यामागून तसंच म्हणताहेत, अगदी मनापासून, ती दाखवेल तिथं. किती छान वर्ग आहे या वर्षी, असं ती टोनीला म्हणाली होती. पायाखालून सगळं सरकतंय असं तिला वाटलं आणि धरायला तिनं हात पुढं केला तो पेटीच्या पट्ट्यांवर पडला. भात्यात हवा नव्हती, नुसताच लाकडाचा खट्ट असा आवाज झाला. ती दचकली. बापाला कुणीच सांगितलं नव्हतं. तो मरेपर्यंत सुखात वाजवत राहिला. तिलाही तसं राहता आलं असतं, आणखी काही वर्षं, मुलं गुपचूप तंबोरे उतरवत राहिली असती, सगळे पेटीमागं गेले असते. मधे ती सायली एकटीच, यातलं काही माहीत नसल्यानं, खरा सूर गात राहिली, म्हणून कचाट्यात सापडली.

"तिला बोलव," ती म्हणाली. "नाहीतर मीच तळेगावला येते म्हणून सांग. आणि कालचे तिचे गुण मी दिलेले ते राहणार नाहीत. कॉलेजला काय सांगायचं ते मी सांगते."

"काय सांगणार?"

"जे आहे ते. सोमवारी विभागातही सांगते. प्रात्यक्षिकाला यापुढं मी नाही, आणि प्रमुखपदही नको." सत्यजीत काहीतरी म्हणायला गेला. "सावकाश बोल," मर्सी म्हणाली. "या बाजूनं." त्यानं मान हलवली आणि सायलीला फोन लावला.

सायलीला तिचे वडील घेऊन आले. हौसराव उंच, रापलेले, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे, गावच्या सोसायटीत बसणाऱ्या माणसाची सवयीची जरब अंगात, पण या खोलीत ती कुठं ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. चपला बाहेर काढून ते दारातच थांबले. सायली त्यांच्या मागं होती. आज साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, आणि डोळे असे की सगळं मान्य करून आलेत.

"मॅडम, मी हिचा वडील," हौसराव म्हणाले. "आमाला गान्यातलं काय कळत न्हाई. पर पोरगी कालपासनं जेवली न्हाई. घरात कुनी मोबाईलवर गानं लावलं तर उठून जातीय. म्हंती, आबा, मला सुरातलं आन् बेसूर येगळं कळतच न्हाई. म्हंजी नक्की झालं काय, तेवढं सांगा. आजार हाय का हा?"

"आहे," मर्सी म्हणाली. "पण तिला नाही. मला आहे."

हौसरावांनी सत्यजीतकडं बघितलं. मर्सीनं खुर्ची ओढली नाही, ती सतरंजीवर बसली आणि सायलीला समोर बसायला सांगितलं. बोलताना तिचा आवाज कापत होता आणि तो तिनं कापू दिला. "काल तुझा षड्ज चढला नव्हता. माझ्या उजव्या कानाला तो चढलेला ऐकू आला. माझा कान बिघडलाय. आज सकाळी डॉक्टरांनी तपासलं. मी तुला तीनदा थांबवलं आणि तीनदा चुकीचं सांगितलं. सूर कळणं शिकवून येत नाही असं जे शेवटी म्हणाले तेही चुकीचं होतं."

सायली तिच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आराम दिसेल असं मर्सीला वाटलं होतं. तो दिसला नाही. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

ही भीती मर्सीनं हिशेबात धरलीच नव्हती. आपण पोरीच्या कानात घातलेलं आता आपल्या बोलण्यानं निघणार नाही, ही. मुलीला आता कुणाचंही पटणार नव्हतं. तिला सगळे दया करणारे वाटणार होते, सर, आबा, सगळे, आणि ते कसं असतं हे मर्सीला या क्षणी या खोलीतल्या कुणापेक्षाही जास्त माहीत होतं. हौसराव म्हणाले, "अगं, येवढ्या मोठ्या बाई सांगत्यात." सायलीनं खाली बघितलं.

"तंबोरा दे तिला," मर्सी सत्यजीतला म्हणाली.

"मी लावून देतो."

"नको. तिलाच लावू दे."

सायलीनं तंबोरा घेतला. खुंटी पिळली, तार छेडली, सोडली, परत पिळली. बराच वेळ गेला. हौसराव उंबऱ्यावर टेकले. बाहेर पोरांचा गलका चालला होता, कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. तारा लागत आल्या तशी मर्सीला आत एक ओढ जाणवली, आता सांगायचं, अजून जरासा, आता बस. तिनं ओठ घट्ट मिटले. तिला एका कानात मधल्या दोन तारांची जोड मिळालेली ऐकू येत होती आणि दुसऱ्या कानात तीच जोड फाटलेली. तिनं उजवा कान तळव्यानं दाबून धरला. शीळ आत कोंडली आणि मोठी झाली.

सायलीनं भीमपलासीचा आलाप सुरू केला. नि, सा, गंधारावर मध्यमाची सावली, मध्यम, पंचम. हळू, चाचपडत. वर जाताना तिचा आवाज बारीक होत गेला, आणि तार षड्जाच्या खाली, निषादावर येऊन ती थांबली. पुढं जाईना. तिनं मर्सीकडं बघितलं. मर्सीनं नजर हलवली नाही. सायलीनं डोळे मिटले, षड्ज घेतला आणि लगेच सोडून दिला.

"चढला का?" तिनं विचारलं.

मर्सीनं ऐकलं होतं. जेवढं ऐकता येईल तेवढं, सगळ्या शरीरानं ऐकलं होतं. डावा कान काहीतरी सांगत होता, पण कोंडलेल्या शिळेतून, आणि हा कान खरा सांगतोय की याचंही काही सरकलंय हे आता कोण सांगणार होतं. तिला खरोखर कळलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर कुणी सूर लावला होता आणि तो लागला की नाही हे तिला माहीत नव्हतं. तिला इतकी भीती वाटली की हात दुखेपर्यंत तिनं तळवा दाबला.

"मला माहीत नाही, सायली," ती म्हणाली.

सायलीच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. एवढा वेळ ती मर्सीकडं बघत होती ती उत्तर शोधत. आता ती नुसतीच बघत होती, एका घाबरलेल्या बाईकडं. मग तिनं मान खाली घातली, तंबोऱ्याचा भोपळा जवळ ओढला आणि तारा छेडत राहिली. आपला सूर लावायची तिनं घाई केली नाही. बराच वेळ ती फक्त ऐकत होती. मग तिनं षड्ज घेतला, सोडला, मान हलवली. "आत्ता जरा खाली होता," ती स्वतःशीच म्हणाली. परत घेतला. या वेळी सोडला नाही. श्वास पुरेल तितका धरला, आणि तो संपत आला तेव्हा डोळे न उघडता तिनं एक बोट वर केलं, थांबा, अजून आहे, असं सांगितल्यासारखं.

श्वास संपल्यावर ती म्हणाली, "लागला."

सत्यजीतकडं बघावं, त्याच्या चेहऱ्यावरून खात्री करून घ्यावी, असं मर्सीला फार वाटलं. तिनं बघितलं नाही. "बरं," ती म्हणाली, "पुढं गा."